चार जुलै आणि शॅम्पेन नसलेली शॅम्पेन

अमेरिकेतला उन्हाळा म्हणजे समारंभांचा सीझन. मे महिन्यात कॉलेजांचे पदवीदान सोहळे, मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, जूनमध्ये लग्नं, मग ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे आला की उन्हाळा संपला असं सगळ्यांनी समजायचं. या सगळ्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक, परसात पेटवलेली ग्रिल. दुसरी, 'फट्‌' आवाज करून उघडणारी फेसाळ वाईनची बाटली.

त्या बाटलीला बहुतेक जण बिनधास्त 'शॅम्पेन' म्हणतात. आणि मग टेबलावर एक तरी माहितगार गृहस्थ असतोच, जो बोट वर करून सांगतो, "ही शॅम्पेन नाही बरं का! शॅम्पेन फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली. ही नुसती स्पार्कलिंग वाईन." (आपल्याकडे आंब्याची पेटी उघडल्या उघडल्या 'हा हापूस नव्हे, कर्नाटकचा माल आहे' असं जाहीर करणारे काका असतात ना, त्यातलाच प्रकार.)

हा गृहस्थ बरोबर असतो, पण अर्धाच. कारण अमेरिकेत आजही काही बाटल्यांवर 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' असं कायदेशीरपणे छापलेलं असतं. म्हणजे गंमत बघा, देशाचा स्वातंत्र्यदिन, आणि ग्लासात फ्रान्सकडून उसनं घेतलेलं नाव! त्याहून मोठी गंमत पुढे आहे. हे उसनं नाव टाकून द्यायचं ठरवलं ते कोणी? तर अमेरिकेत आलेल्या एका फ्रेंच कंपनीने.

तर मंडळी, या वीकएंडला अमेरिकन स्पार्कलिंग वाईनचा इतिहास. पिणाऱ्यांनी खरेदीची यादी म्हणून वाचावा, न पिणाऱ्यांनी गोष्ट म्हणून.

आधी थोडं तंत्रज्ञान, कारण त्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही. द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. साध्या वाईनमध्ये हा वायू उडून जातो. फेसाळ वाईनमध्ये तयार वाईन बाटलीत भरून तिच्यात पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. आता वायूला जायला जागाच नाही. तो वाईनमध्ये विरघळून बसतो. बाटलीतला दाब साधारण सहा अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटी-तिपटीएवढा. यीस्टचा गाळ खाली बसतो. मग बाटल्या मान खाली करून फळ्यांवर लावायच्या, रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, गाळ बुचापाशी आणायचा, मान गोठवायची, झाकण उघडून गाळाचा गोळा उडवून द्यायचा, आणि कमी झालेली वाईन भरून पुन्हा बूच ठोकायचं. एका बाटलीमागे एवढे हात लागतात. आज बरंचसं मशिनवर होतं, पण दीडशे वर्षांपूर्वी हे सगळं माणसंच करायची. हे 'हात' जरा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता जाऊ ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला. (हो, ओहायो. कॅलिफोर्निया अजून लांब आहे.) निकोलस लाँगवर्थ नावाचा एक वकील एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीहून इथे आला. त्याची एक गोष्ट सांगतात. घोडाचोरीचा आरोप असलेल्या एका अशिलाकडे फीचे पैसे नव्हते, म्हणून त्याने दारू गाळायची दोन जुनी तांब्याची भांडी दिली. ती भांडी देऊन लाँगवर्थने ३३ एकर जमीन घेतली. शहर वाढलं आणि त्या जमिनीचं सोनं झालं. अशा जमिनी घेत घेत हा माणूस अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत लोकांपैकी एक झाला.

श्रीमंत झाल्यावर त्याला नाद लागला द्राक्षांचा. त्या काळी अमेरिकन माणूस व्हिस्की ढोसायचा. हलकी, चांगली वाईन मिळाली तर लोकांची व्हिस्की सुटेल, असं लाँगवर्थचं म्हणणं. अडचण अशी की युरोपातली द्राक्षं पूर्व अमेरिकेत जगायचीच नाहीत. थंडी, बुरशी आणि मुळं खाणारी कीड, यांपैकी काहीतरी त्यांना मारायचंच. थॉमस जेफरसनसारख्या माणसाने मॉन्टिसेलोला वर्षानुवर्षं प्रयत्न केले, पण तिथल्या द्राक्षांची वाईन काही त्याला मिळाली नाही. लाँगवर्थने १८२५ मध्ये जॉन अ‍ॅडलम या बागायतदाराकडून कॅटॉबा जातीची रोपं आणली. ही मूळची अमेरिकन जात, गुलाबीसर, उग्र वासाची, पण काटक. सिनसिनाटीत तेव्हा जर्मन लोक मोठ्या संख्येने येत होते. त्यांना ओहायो नदीकाठच्या टेकड्या वसवायला देऊन त्याने द्राक्षमळे उभे केले.

१८४२ च्या सुमाराला त्याच्या काही वाईनला चुकून बाटलीतच दुसऱ्यांदा आंबायची संधी मिळाली आणि ती फेसाळली. चव आवडली. आता हेच मुद्दाम करायचं ठरलं. त्यासाठी फ्रान्सहून माहितगार कारागीर आणवला, तर तो बिचारा ओहायो नदीत बुडून गेला. दुसरा आणला. मग सुरू झाला बाटल्या फुटायचा सिलसिला. साखर किती घालायची याचा अंदाज थोडा चुकला किंवा काच जराशी कच्ची निघाली की बाटलीचा बॉम्ब. एका मोसमात ५०,००० पैकी ४२,००० बाटल्या फुटल्या! आपल्या रिलीजमध्ये चौऱ्याऐंशी टक्के टेस्ट केसेस फेल गेल्या तर मॅनेजर प्रोजेक्टच बंद करेल. पण लाँगवर्थ स्वतःच मॅनेजर आणि स्वतःच क्लायंट, त्यामुळे तो चिकटून राहिला. :)

१८५० च्या दशकात 'स्पार्कलिंग कॅटॉबा' वर्षाला लाखभर बाटल्यांपर्यंत गेली. ती इंग्लंडपर्यंत पोचली. बॉस्टनकडच्या लाँगफेलो या कवीला त्याने ती भेट पाठवली, तर लाँगफेलोने १८५४ मध्ये कॅटॉबा वाईनवर अख्खी कविता लिहिली. ओहायो हे अमेरिकेतलं सर्वांत जास्त वाईन करणारं राज्य झालं. आणि हे सगळं अमेरिकन द्राक्षाच्या नावावर चाललं होतं. लाँगवर्थला लोक जे नाव घेऊन वाईन मागत होते ते होतं कॅटॉबा. नावाच्या बाबतीत ही सुरुवात मला तरी फार आवडते.

पण टिकलं नाही. बुरशीच्या रोगांनी मळेच्या मळे काळे पडले. त्यांवर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, माणसं लढायला गेली. १८६३ मध्ये लाँगवर्थ वारला आणि काही वर्षांत सिनसिनाटीचे मळे संपले.

कारागीर मात्र संपत नाहीत, ते दुसरीकडे नोकरी धरतात. सिनसिनाटीत हात तयार झालेले काही जण न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात गेले. तिथे हॅमंड्सपोर्टजवळ १८६० मध्ये प्लेझंट व्हॅली वाईन कंपनी सुरू झाली होती. तिच्या 'ग्रेट वेस्टर्न' या वाईनला १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात बक्षीस मिळालं. पण आता बाटलीवर 'शॅम्पेन' हा शब्द आला. कंपनीच्या पोस्टाचं गावही 'रीम्स' झालं, फ्रान्समधल्या शॅम्पेनच्या राजधानीचं नाव! (आपल्याकडे गल्लीतल्या दुकानाला 'पॅरिस टेलर्स' म्हणतात तसं. पण इथे पोस्टाचा शिक्कासुद्धा.)

तिकडे पश्चिमेला कॅलिफोर्नियात युरोपची द्राक्षं छान वाढत होती. सोनोमात अ‍ॅगोस्टन हाराझ्ती या हंगेरियन उद्योजकाने ब्युएना व्हिस्टा ही वायनरी काढली. त्याचा मुलगा आर्पाद फ्रान्समध्ये एपर्नेला जाऊन फेसाळ वाईनचं शिक्षण घेऊन आला आणि बऱ्याच फसलेल्या प्रयोगांनंतर त्याने सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्लिप्स' नावाची शॅम्पेन यशस्वी केली. रशियन रिव्हरच्या काठी बोहेमियाहून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आलेले कॉर्बेल बंधू होते. त्यांनी १८८२ मध्ये कंपनी काढली आणि १८९० च्या दशकात प्रागहून वाईनमेकर आणून शॅम्पेन सुरू केली. साराटोगाच्या डोंगरात बर्गंडीहून आलेला पॉल मॅसन होता.

नावं बघा. हंगेरियन, चेक, जर्मन, फ्रेंच. सगळे बाहेरून आलेले, आणि बाटलीवरही बाहेरूनच आलेलं नाव. त्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांना गिऱ्हाइकाला पटकन समजेल असा शब्द हवा होता. आपण नाही का 'झेरॉक्स काढून आण' म्हणत, मशिन कुठल्याही कंपनीचं असो.

फ्रेंचांना हे अर्थातच रुचलं नाही. १८९१ च्या माद्रिद करारापासून ते आपलं नाव राखायच्या मागे लागले होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहातही वाईनच्या प्रादेशिक नावांना संरक्षण देणारं कलम घातलं गेलं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी तहावर सही केली, पण सिनेटने तो मंजूर केला नाही. त्यामुळे ते कलम अमेरिकेला लागूच झालं नाही. शिवाय जानेवारी १९२० मध्ये तिथे दारूबंदी आली. वाईनच नाही तर नावाची काळजी कोण करणार?

दारूबंदी तेरा वर्षांहून जास्त चालली, ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मधल्या काळात पॉल मॅसनसारख्या मोजक्यांनी सरकारी परवान्यावर 'औषधी' शॅम्पेन केली. (डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शॅम्पेन! कुठला आजार होता देव जाणे, पण साथ मोठी असणार.) बाकी शेकडो वायनऱ्या बंद पडल्या. नुकसान नुसतं पैशाचं नव्हतं. एक अख्खी पिढी हे काम न शिकता मोठी झाली. बाटली किती फिरवायची, कधी उघडायची, हे पुस्तकात वाचून येत नाही.

म्हणून बंदी उठल्यावर जे आलं ते सोपं आणि स्वस्त होतं. बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत वाईन आंबवायची, गाळायची आणि दाबाखालीच बाटल्यांत भरायची. ही टाकीची पद्धत मुळात वाईट नाही, पण इथे ती गोड, स्वस्त माल काढायला वापरली गेली. १९३७ मध्ये डेट्रॉइटच्या एका रेस्टॉरंटमालकाने लाल वाईन आणि फेसाळ वाईन मिसळून 'कोल्ड डक' काढली. १९७० च्या आसपास तिची अमेरिकेत अक्षरशः लाट आली होती. फेसाळ म्हणजे गोड आणि फुटकळ, असा समज पक्का झाला. आणि बहुतेकांच्या लेबलवर शब्द तोच, 'शॅम्पेन'. नाव मोठं आणि लक्षण खोटं, दुसरं काय!

इथे गोष्टीला वळण मिळतं, आणि ते एका जोडप्यामुळे. नापा व्हॅलीत कॅलिस्टोगाजवळ डोंगरावर श्रॅम्सबर्ग नावाची जुनी वायनरी आहे. जेकब श्राम या जर्मन न्हाव्याने ती १८६२ मध्ये सुरू केली होती. १८८० मध्ये लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मधुचंद्राच्या काळात तिथे येऊन गेला आणि त्याने आपल्या पुस्तकात या जागेचं आणि डोंगरात खोदलेल्या तळघरांचं वर्णन केलं. पुढे सगळं ओसाड पडलं. १९६५ मध्ये जॅक आणि जेमी डेव्हिस यांनी ती विकत घेतली. जॅक लॉस एंजेलिसमध्ये बरी कॉर्पोरेट नोकरी करत होता. 'सगळं सोडून गावाकडे शेती करीन' असं आपण दर अप्रेझलनंतर म्हणतो, या दोघांनी ते खरंच केलं. आणि ठरवलं काय? तर शार्दोने आणि पिनो न्वारसारखी खरी द्राक्षं घ्यायची आणि वाईन बाटलीतच आंबवायची, सगळं कष्टाच्या पद्धतीने. त्यांची १९६५ ची 'ब्लाँ द ब्लाँ' ही शार्दोनेवर बेतलेली अमेरिकेतली पहिली व्यापारी फेसाळ वाईन म्हणून ओळखली जाते.

सात वर्षांनी, २५ फेब्रुवारी १९७२ ला, अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी बीजिंगमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासोबत ग्लास उंचावला. दोन दशकांचं वैर संपवणारी ती भेट. त्या ग्लासात होती श्रॅम्सबर्गची १९६९ ची ब्लाँ द ब्लाँ. फ्रेंच शॅम्पेन नाही, कॅलिफोर्नियाची वाईन. अमेरिकन वाईनच्या इतिहासात हा प्रसंग सगळे अभिमानाने सांगतात.

मला मात्र त्या ग्लासामागची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. श्रॅम्सबर्गच्या डोंगरातल्या त्या गुहा कोणी खोदल्या? चिनी मजुरांनी. १८६९ मध्ये अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी रेल्वे पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेकडच्या भागात डोंगर फोडायचं काम हजारो चिनी मजुरांनी केलं होतं. ते काम संपल्यावर त्यांच्यातले पुष्कळ जण नापा आणि सोनोमाच्या मळ्यांत आले. त्यांनी वेली लावल्या, द्राक्षं तोडली, दगडी भिंती रचल्या, आणि कुदळ-फावड्याने डोंगरात गुहा खोदल्या. हाराझ्तीच्या ब्युएना व्हिस्टामध्येही त्यांचेच हात होते. फेसाळ वाईनला वर्षानुवर्षं एकाच गारव्यात पडून राहावं लागतं आणि वीज नसताना तो गारवा फक्त डोंगराच्या पोटात मिळायचा. म्हणजे त्या गुहा नसत्या तर तो धंदा फार अवघड होता.

बदल्यात काय मिळालं? १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली आणि जे आत होते त्यांना नागरिकत्वाचा रस्ता बंद केला. सुरुवातीला दहा वर्षांसाठी असलेली ही बंदी वाढत वाढत १९४३ पर्यंत चालली. मळ्यांतून चिनी माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. गुहा राहिल्या. आणि मग नव्वद वर्षांनी त्याच वायनरीची वाईन अमेरिकेचे अध्यक्ष चीनला मैत्रीची खूण म्हणून घेऊन गेले. एच-वन-बीच्या लॉटरीकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या पिढीला यात फार काही समजावून सांगायला नको. कष्ट हवे असतात, माणूस नको असतो, हे तेव्हाही होतं. श्राम, हाराझ्ती, कॉर्बेल, मॅसन हेही सगळे बाहेरूनच आलेले होते. फरक एवढाच, की त्यांची नावं लेबलवर आली.

बीजिंगच्या त्या मेजवानीनंतर वर्षभरात, १९७३ मध्ये, फ्रान्सची मोएत-हेनेसी कंपनी नापा व्हॅलीत यॉन्टव्हिलला उतरली आणि तिने 'दोमेन शाँदाँ' सुरू केली. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑफशोअर सेंटर! हेड ऑफिस फ्रान्समध्ये, पद्धत फ्रान्सची, जमीन आणि द्राक्षं कॅलिफोर्नियाची. ज्यांच्याकडे शॅम्पेन हे नाव हक्काने होतं त्यांनीच इथल्या बाटलीवर ते घालायला नकार दिला. लेबलवर आलं 'स्पार्कलिंग वाईन'. यात नुसता मोठेपणा नव्हता, धंद्याचा साधा हिशोब होता. कॅलिफोर्नियात आपणच 'शॅम्पेन' छापायला लागलो, तर घरच्या शॅम्पेनला काय वेगळेपण उरणार?

पण त्या हिशोबाचा फायदा अमेरिकेला झाला. एकदा 'शॅम्पेनसारखी' असायची अट गेल्यावर प्रश्न बदलला. मग ही जागा कशी आहे, इथे काय पिकतं, हे बघणं आलं. मागोमाग बाकीचे आले. पाइपर-हाइडसिकने १९८० मध्ये सोनोमात घर केलं. रोदरेरने १९८२ मध्ये सगळे नापाकडे धावत असताना उत्तरेला अँडरसन व्हॅलीत, समुद्राच्या धुक्यात जमीन घेतली, कारण द्राक्षाचा आंबटपणा टिकायला थंडावा लागतो. स्पेनच्या फ्रेशनेतने सोनोमात 'ग्लोरिया फेरर' काढली, तर टेटांजेने १९८७ मध्ये 'दोमेन कार्नेरोस'. दोमेन कार्नेरोसची वाईन पहिल्या दिवसापासून २०२० पर्यंत आयलीन क्रेन या अमेरिकन बाईंनी घडवली.

'शॅम्पेन' शब्दाचं शेवटी काय झालं? मार्च २००६ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात वाईनचा करार झाला. नव्या कोणत्याही अमेरिकन लेबलला 'शॅम्पेन' वापरता येणार नाही, पण ज्यांचं लेबल आधीपासून मंजूर आहे त्यांना चालेल, मात्र पुढे 'कॅलिफोर्निया'सारखं ठिकाण हवं. सॉफ्टवेअरवाल्यांना ही तडजोड ओळखीची वाटेल. जुन्या युजर्सना जुना प्लॅन चालू, नव्यांना बंद. म्हणून कॉर्बेल आजही 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' आहे. १९८५ पासून अनेक अध्यक्षांच्या शपथविधीच्या जेवणात कॉर्बेल दिली गेली. २०१३ मध्ये त्या जेवणाच्या मेनूवर तिचं नाव कसं लिहिलंय यावरून शॅम्पेन उत्पादकांच्या अमेरिकेतल्या प्रतिनिधींनी जाहीर आक्षेपही घेतला होता.

थोडक्यात काय, टेबलावरचा तो माहितगार गृहस्थ पुन्हा भेटला तर त्याला एवढं सगळं ऐकवता येईल. :)

बरं, आता खरेदी. तिकडे असाल, किंवा कोणी तिकडून येणार असेल, तर माझी यादी अशी:

१. गर्दी जास्त, बजेट कमी: ग्रुए. ही आहे चक्क न्यू मेक्सिकोची! शॅम्पेनमध्ये वाईन करणाऱ्या गिल्बर्ट ग्रुएच्या कुटुंबाने १९८४ मध्ये तिथल्या वाळवंटी पठारावर वेली लावल्या. दिवसा ऊन, पण उंचीमुळे रात्री गार, त्यामुळे द्राक्षं आंबट राहतात. पैसा वसूल.

२. जेवणासोबत: रोदरेर इस्टेटची ब्रूट. इंग्लंडमध्ये हीच वाईन 'क्वार्टेट' नावाने विकली जाते.

३. आई-बाबा पदवीदानाला आलेत, फोटो काढायचेत: दोमेन कार्नेरोस. वायनरी म्हणजे फ्रेंच हवेलीच उचलून आणून ठेवल्यासारखी.

४. गोष्टीसकट प्यायची असेल: श्रॅम्सबर्गची ब्लाँ द ब्लाँ. किंमत जास्त, पण गोष्ट मघाशी वाचलीत. राजकारण आवडणाऱ्यांसाठी सोनोमाची आयर्न हॉर्सही आहे, ती १९८५ च्या जिनिव्हातल्या रेगन-गोर्बाचेव्ह भेटीत होती.

५. कॅलिफोर्नियाबाहेरची: ओरेगनची आर्गाइल, किंवा फिंगर लेक्सची डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक. युक्रेनमधून आलेल्या या डॉक्टरसाहेबांनी युरोपची द्राक्षं पूर्व अमेरिकेतही जगतात हे अखेर सिद्ध केलं आणि १९६२ मध्ये वायनरी काढली. जेफरसनला जे जमलं नाही ते.

६. संत्र्याचा रस घालून मिमोसा करायचाय: कॉर्बेल. महागाची वाईन रसात घालू नका, पाप लागेल.

लेबल वाचायच्या दोन-तीन युक्त्या. 'ब्रूट' म्हणजे कोरडी. 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलं असेल तर ती ब्रूटपेक्षा गोड असते. (नावं ठेवणाऱ्याला नमस्कार!) 'ब्लाँ द ब्लाँ' म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची, 'ब्लाँ द न्वार' म्हणजे काळ्या द्राक्षांची. 'या बाटलीत आंबवलेली' अशा अर्थाचं वाक्य किंवा 'मेथड ट्रॅडिशनेल' असेल तर कष्टाची पद्धत, 'शार्मा' असेल तर टाकीची. ठिकाण नीट बघा. नुसतं 'अमेरिकन' असेल तर द्राक्षं एकापेक्षा जास्त राज्यांतली असू शकतात. खाण्याचं म्हणाल, तर खारट आणि तळकट पदार्थांशी या वाईनचं जुळतं. अमेरिकन माणूस वेफर्स आणि फ्राइड चिकन घेतो. बे एरियातल्या मराठी पॉटलकमध्ये बटाटेवड्याबरोबर ती तितकीच छान लागते.

आणि हो, या गोष्टीचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. ज्या पाइपर-हाइडसिकने १९८० मध्ये सोनोमात घर केलं, त्याच कंपनीच्या तांत्रिक मदतीने त्याच दशकात नारायणगावला शाम चौगुल्यांनी फेसाळ वाईन केली. ती परदेशात 'ओमर खय्याम' नावाने विकली गेली. त्यांच्या कंपनीचं नाव होतं शॅम्पेन इंडेज! म्हणजे उसन्या नावाचा मोह आपल्यालाही झालाच होता. यॉन्टव्हिलनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, शाँदाँ नाशिकजवळ दिंडोरीला आली. लेबलवर 'शॅम्पेन' नाही. मधल्या काळात स्टॅनफर्डला शिकलेले आणि ओरॅकलमध्ये नोकरी केलेले राजीव सामंत नाशिकला परतले आणि त्यांनी कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की या वाईनमेकरला सोबत घेऊन सुला उभी केली. नाव आईचं, सुलभा. उसनं नाव न घेताही माल खपतो, हे लाँगवर्थच्या कॅटॉबाने १८५० च्या दशकात दाखवलं होतंच.

असो, फार लांबलं. शेवटची सूचना तेवढी वाचा. बाटली बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. तार सोडताना अंगठा बुचावर असू द्या, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरा आणि बाटली हळूहळू फिरवा. आवाज 'फट्‌' नाही, हलका 'फुस्स' आला पाहिजे. सहा अ‍ॅटमॉस्फिअर आहेत आत, आणि लाँगवर्थच्या बेचाळीस हजार बाटल्या आठवा.